मॅडमचं नाक

माझ्या बायकोचं नाक प्रसिद्ध आहे. मी हे कौतुकाने सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. घरी कुणी पाहुणा आला की चहा येण्याआधी हा विषय निघतोच, म्हणून आपलं आधीच सांगून मोकळा होतो.

तिची कंपनी घाण पाणी साफ करते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून जे लालनिळं पाणी गटारात आणि गटारातून नदीत जातं, ते खाऊन टाकणारे जीवाणू तिने पाळले आहेत. ते गाळात राहतात. लोक मांजर पाळतात, हिने गाळ पाळला. त्या गाळाची तब्येत ती वासावरून सांगते. निरोगी गाळाला ओल्या मातीचा वास येतो. हवा कमी पडली, उपास घडला, नको ते पोटात गेलं, की तो वास बदलतो. पाण्यातली हवा मोजणारं मीटर दुपारी सांगणार ते ही सकाळी सांगते. या सगळ्यावर तिने पुस्तक लिहिलं, आणि त्यातलं 'नाक खोटं बोलत नाही' हे प्रकरण लोकांना तोंडपाठ आहे. त्या पुस्तकापासून मी 'मॅडमचे मिस्टर' झालो. तसा मी दातांचा डॉक्टर आहे, पण दाढ ठणकल्याशिवाय ते कुणाला आठवत नाही.

लग्न झालं तेव्हा ती एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती. गटारात जाणाऱ्या पाण्याची बाटली तपासायची आणि साहेबांना आवडेल तो आकडा लिहायचा, अशी नोकरी. एक दिवस घरी येऊन म्हणाली, "डॉक्टर, मी सोडलं." मी विचारलं, "नोकरीला की मला?" तिला विनोद कळला नाही. कामाचं काही डोक्यात असलं की तिला विनोद कळत नाहीत. दुसऱ्या दिवशी ती थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिली.

दादा मोटार मेकॅनिक. बहिणीने चंद्र मागितला असता तर हा पठ्ठ्या शिडी शोधायला निघाला असता. त्याने मागची शेड रिकामी केली, विटांचा हौद बांधला, आणि दोघांनी रंगाच्या गटाराच्या तळाशी जे काही जिवंत होतं ते बादल्यांनी उपसून त्यात आणून टाकलं. त्याला थेंब थेंब रंगाचं पाणी पाजायचं, खालून पाइपने हवा सोडायची. पहिले काही महिने ते नुसतं मरायचं. दोघांच्या नाकी नऊ आले. मग एका सकाळी वर लाल पाणी असायला हवं होतं तिथे स्वच्छ पाणी होतं आणि खाली तपकिरी, फुगलेला, सुखवस्तू गाळ. तोच गाळ आजवर चालू आहे. त्या हौदाला सगळे 'म्हातारी' म्हणतात. विरजण जसं आजच्यातलं उद्याला ठेवायचं, तसा म्हातारीतला डबाभर गाळ नव्या प्लांटमध्ये टाकायचा, म्हणजे तिथेही संसार सुरू होतो.

पहिलं गिऱ्हाईक होता एक धुलाईवाला. त्याच्याकडे डबा टेम्पोत मागे ठेवून पाठवला, तर वाटेत उन्हात शिजला. दुसऱ्या वेळी दादाने तो मांडीवर घेतला, झाकण किलकिलं ठेवलं, आणि सबंध रस्ता डब्यात फुंकर घालत गेला. तेव्हापासून नियमच झाला. प्लांट कितीही मोठा असो, मागून टँकर येवोत, पहिला डबा या दोघा भावंडांपैकी एकाच्या मांडीवर जाणार आणि ओतण्याआधी ही त्याचा वास घेणार. गाडी अर्थात माझी. तिच्या सीटला कायमचा वास लागलाय. पुस्तकात दादावर दोन प्रकरणं आहेत आणि माझ्यावर एक वाक्य: 'माझ्या पतींनी मला साथ दिली.' साथ दिली म्हणजे मी काचा उघड्या ठेवल्या.

पण मला पुस्तकाबाहेर काहीतरी मिळायचं, ते कुणाला माहीत नव्हतं. माझ्या हातांना लवंगेच्या तेलाचा वास असतो. संध्याकाळी मी दवाखान्यातून आलो की ती माझा हात नाकाशी धरायची आणि निकाल द्यायची. "आज कवळीचं मेण आहे. आणि एक दाढ उपटलीत." बहुतेक वेळा बरोबर. चुकली तर वाद घालायची, माझ्याच पेशंटबद्दल माझ्याशी. आमच्यात प्रेम म्हणायचं ते एवढंच होतं, पण रोजचं होतं.

सुट्टीच्या दिवशी दादा जेवायला यायचा. तो जिन्यात असतानाच ही स्वयंपाकघरातून म्हणायची, "दादा आला." मग घंटा वाजायची. कितीही साबण लावला तरी त्याच्या अंगाला म्हातारीचा वास असायचा, ओल्या मातीचा. शेवटी शेवटी तो मलाही ओळखू यायला लागला होता. दारात उभा राहून म्हणायचा, "जावईबापू, नाक मुरडून घ्या एकदा, म्हणजे मी आत येतो."

मग तो ताप आला. दोघांनाही आला, एकाच आठवड्यात, एकाच हॉस्पिटलात. ही घरी आली. दादा आला नाही.

ती रडली नाही. अंगात जीव आल्याबरोबर शेडवर जायला लागली. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. मला ते खंबीर वाटलं नाही. मी रोज माणसांचे गाल सुन्न करतो. सुन्न माणसाला मी बजावून सांगतो, दोन घटका काही खाऊ नका, नाहीतर स्वतःचाच गाल चावाल आणि कळणारही नाही. हिला हे सांगायला हवं होतं. पण सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मीही सुन्नच होतो. दादा माझाही होता. पण बहीण रडत नाही म्हटल्यावर मेहुण्याने कुठे रडत बसायचं?

तिने माझा हात धरणं बंद केलं. मी दोन-तीनदा पुढे केला, तिने त्यात किल्ल्या ठेवल्या. आम्ही हॉटेलात शेजारच्या खोल्यांत उतरलेल्या माणसांसारखे सभ्य झालो. "पाणी हवंय का?" "नको, झालं." दादाचं नाव घरात निघेनासं झालं. कुणी भेटायला आलं तर ती बिस्किटं पुढे करायची आणि कामाचं बोलायची. ज्याला बातमी कळायची त्याला परस्पर कळली होती, त्यामुळे तिला ती स्वतःच्या तोंडाने कुणालाच सांगावी लागली नाही.

मग दवाखान्यात बाटली फुटली. वरच्या फळीवरची लवंगेच्या तेलाची मोठी बाटली, सरळ माझ्या छातीवर. शर्ट बदलला, हात धुतले, तरी जिन्यातले शेजारी वळून वळून बघत होते. खालच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, मसाल्याच्या पोत्यात झोपला होतात का?" मी घरात आलो, हिच्या शेजारी सोफ्यावर बसलो. ती नव्या पुस्तकाची पानं तपासत होती. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "आज दवाखाना बंद होता का?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा पानात शिरली.

मला राग यायला हवा होता, भीती वाटायला हवी होती. काही वाटलं नाही. नुसतं कळलं. तापाने हिचं नाक नेलंय आणि हिने ते कुणाला सांगितलेलं नाही. मलाही नाही.

त्याच सुमारास कंपनीचं आजवरचं सगळ्यात मोठं काम तोंडावर आलं होतं. एका अख्ख्या गावाच्या रंग-कारखान्यांचं पाणी एका प्लांटवर आणायचं, तिथे साफ करायचं आणि मग नदीत सोडायचं. खालच्या वस्त्या त्याच नदीचं पाणी पितात. उद्घाटनाला महापौर येणार होते, वर्तमानपत्रवाले येणार होते. मॅडम डब्याचा वास घेणार, डबा ओतणार आणि झडपा उघडणार, असं पत्रिकेत छापलं होतं.

आदल्या दिवशी डबा भरायला मी तिला शेडवर घेऊन गेलो. एरवी हे दादा करायचा. ती पुढच्या सीटवर रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीबाहेर बघत होती. बाहेर गोदामांच्या भिंतींशिवाय काही नव्हतं.

गाडीतून उतरलो आणि मला शेडचं दार उघडायच्या आधीच वास आला. सडक्या अंड्यांचा. दात किडून मुळाशी पू साठला की मी रोज जे वास घेतो, त्यांच्याही वरचढ. ही सरळ आत गेली.

आत सुपरवायझर बाई उभ्या होत्या. दादानंतर आलेल्या, आधी दूध डेअरीत होत्या. चोख बाई. पुस्तक त्यांनी इतकं वाचलं होतं की त्यांच्या प्रतीची पानं सुटली होती. त्यांनी नाकावर रुमाल बांधला होता. मॅडमना बघताच घाईघाईने सोडला.

हिने लांब दांड्याच्या पळीने हौदातला गाळ काढला, काचेच्या भांड्यात ओतला, डोळे मिटले आणि नाकाशी नेला. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की मला तिच्या भुवया कधी वर जातील तेही ठाऊक आहे. त्या बरोबर वर गेल्या.

"छान," ती म्हणाली. "ओली माती."

सुपरवायझर बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच, सोडला म्हणून, पुन्हा घ्यावा लागला. त्यांचा चेहरा पाहून मी त्यांना बाजूला गाठलं.

"बाई, तुम्हाला हा वास ओल्या मातीचा वाटतो?"

"मला कुठे कळतं, साहेब?" त्या कुजबुजल्या. "मी दुधातली माणूस. मॅडम म्हणतात म्हणजे असेल."

"मीटर काय म्हणतं?"

"मीटरचं विचारूच नका. हवा संपली, हवा संपली, एकच धोशा. दोनदा बदलून घेतलं. विकणाऱ्याशी कचाकचा भांडले मी. तिसरं पण तसंच निघालं."

"मीटर बदललंत?"

"मॅडमच्या पुस्तकातच आहे ना," त्या म्हणाल्या. "नाक आणि मीटर भांडले, तर मीटर बदला."

आहे. पानाच्या मध्यभागी, ठळक अक्षरात. त्या वाक्याला सभांमध्ये टाळ्या पडतात.

मी बाईंना चहा सांगायला पाठवलं आणि हौदाशी गेलो. दिवा लावला. पूर्वी सगळीकडे बारीक बुडबुडे असायचे; आता एका कोपऱ्यात चार-दोन वर येत होते, बाकी पाणी निपचित. गाळ तपकिरी नव्हता, काळा होता. कुणालाही दिसला असता. पण इथे कुणाला बघायची सवयच नव्हती.

"अगं," मी म्हटलं, "हा वास तू आठवून सांगतेयस."

ती पळी पुसत राहिली.

"परवा माझ्या अंगावर लवंगेच्या तेलाची बाटली फुटली होती."

तिने भांडं कट्ट्यावर ठेवलं. जवळची बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसली. मला वाटलं, आता तरी काहीतरी होईल. पण तिचा आवाज घड्याळात किती वाजले सांगितल्यासारखा होता.

"तापापासून. काहीच येत नाही. चहा म्हणजे गरम पाणी. तुम्ही म्हणजे शेजारी कुणीतरी बसलंय."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय, डॉक्टर? नाक गेलं तर माझं राहिलं काय? पुस्तक काय आणि कंपनी काय." मग हौदाकडे मान करून म्हणाली, "कशी आहे ती?"

म्हातारीबद्दल विचारत होती. माणसाबद्दल विचारावं तसं. पेशंटला दात वाचणार नाही हे सांगायची एक पद्धत मला येते, ती इथे उपयोगाची नव्हती.

"गेली," मी म्हटलं. "सडलीय सगळी."

ती उठून हौदाशी आली. पहिल्यांदाच नाक बाजूला ठेवून डोळ्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हवेच्या पाइपा तुंबल्यात. दादा त्या वर काढून सायकलच्या तारेने भोकं साफ करायचा. कुणाला सांगितलंच नाही. हे काम आहे असंच त्याला वाटत नव्हतं." तापानंतर तिच्या तोंडून दादाचं नाव मी तेव्हा प्रथम ऐकलं. ते घेताना तिचा आवाज हलला नाही. तिने पळी उचलली आणि डबा भरायला लागली.

"हे काय करतेस?"

"उद्या लोक येणारेत."

"हे मेलेलं ओतून प्लांट चालणार नाही. रंग आहे तसा नदीत जाईल. खाली माणसं पितात ते पाणी."

"माहितेय. मीच लिहिलंय." तिने झाकण लावलं, सवयीने किलकिलं ठेवलं. "डॉक्टर, म्हातारी गेली असं मी उद्या सगळ्यांसमोर म्हटलं ना, की मग ती गेलीच."

ती कुणाबद्दल बोलत होती ते मला कळलं. मी एवढंच म्हटलं, "गाडी मी चालवीन. पण हा डबा मी उचलणार नाही, आणि तू ओतलास तर मी टाळ्या वाजवणार नाही." नवऱ्याने देण्यासारखी ही काही फार मोठी धमकी नव्हे. पण माझ्याकडे तेवढीच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डबा तिच्या मांडीवर. काचा सगळ्या खाली, तरी माझ्या डोळ्यांतून पाणी. तिच्या डोळ्यांत काही नाही.

प्लांट देखणा झाला होता. गोल गोल हौद, पांढऱ्या पाइपा, मंडप, खुर्च्या. पहिल्या रांगेत महापौर, मागे कारखानदार, बाजूला कॅमेरे. भाषणं झाली. महापौरांनी पुस्तकातली ओळ म्हणून दाखवली, तीच, मीटर बदला म्हणणारी. मग डबा आणला, झाकण काढलं आणि हिने काचेच्या भांड्यात थोडा गाळ घेतला.

वास मंडपभर पसरला. मी लोकांकडे बघत होतो. पहिल्या रांगेतल्या एकाने श्वास रोखून धरला. एका बाईंनी पर्समधून अत्तराची कुपी काढली आणि घाबरून परत ठेवली. महापौर कसनुसं हसत होते. पण कुणी ब्र काढला नाही. सगळ्यांना वाटलं, तज्ज्ञांना हाच वास हवा असतो, आपणच अडाणी.

हिने भांडं नाकाशी नेलं, डोळे मिटले. मी भुवयांकडे बघत होतो. त्या वर जाईनात. माणसं माना पुढे करून वाट बघत होती, कॅमेरेवाला म्हणाला, "मॅडम, जरा इकडे." भुवया जागच्या जागी. मग तिने डोळे उघडले आणि मला शोधलं. मी मागच्या रांगेत, हाताची घडी घालून.

ती माइककडे वळली. "मला वास येत नाही," म्हणाली.

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. मॅडम आणि विनोद! मला एकट्यालाच माहीत होतं की कामाच्या वेळी तिला ते येत नाहीत.

"खरंच येत नाही. तापानंतर गेलाय. मी सांगितलं नाही. माझे मिस्टर मागे बसलेत, त्यांना येतो. डॉक्टर, इकडे या आणि कसला वास आहे ते सांगा."

उभ्या आयुष्यात मला स्टेजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो. भांडं हातात घेतलं. वाकायचीसुद्धा गरज नव्हती.

"सडक्या अंड्यांचा," मी माइकमध्ये म्हटलं.

मंडपातून एक मोठा उसासा आला. इतका वेळ रोखलेले सगळे श्वास एकदम सुटले. महापौर म्हणाले, "मला केव्हापासून तेच वाटत होतं!" आणि रुमाल काढला. सुपरवायझर बाई कोपऱ्यात रडायला लागल्या, "मीटर चांगलं होतं हो, तिन्ही मीटरं चांगली होती." ही शांतपणे म्हणाली, "झडपा उघडू नका. आमचा मूळ हौद गेलाय. जिवंत गाळ मिळेपर्यंत हा प्लांट सुरू होणार नाही." आणि स्टेजवरून उतरून गाडीत जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत काय आलं असेल ते सांगायला नको. लोक नाकावरून कोट्या करायला टपलेलेच असतात.

गाडी सुरू केली. मला वाटलं, घरी. ती म्हणाली, "धुलाईवाल्याकडे चला. म्हातारीतला जगलेला पहिला डबा त्याच्याकडेच."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आपलं विरजण मोडलं तर माणूस शेजारी जातो. ज्याला आपणच कधी दिलं होतं त्याच्याकडून मागून आणतो. पण इतक्या वर्षांत तो छोटा हौद जिवंत असेल कशावरून? हिलाही खात्री नव्हती. वाटेत एका वळणावर गाडी थांबवायला लावून तिने डबा गटारात रिकामा केला, नळावर घासून धुतला. मग तो रिकामा डबा दोन्ही हातांनी धरून बसली.

दुकान तेच होतं. पुढे इस्त्रीची टेबलं, वाफ, ढीगभर चादरी. मागे अंगणात छपराखाली दादाने बांधलेला हौद. धुलाईवाला म्हातारा झाला होता. त्याने हिला ओळखलं, खुर्ची पुसली आणि तिच्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं.

"दादा गाडी लावतायत का?"

तिने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"बरेच दिवस फिरकले नाहीत. रागावले की काय म्हटलं. दर महिन्याला यायचे ना, न बोलावता. हौदाची पाइप काढायची, भोकं साफ करायची, माझ्या हातचा चहा प्यायचा, की चालले. मध्ये ती पाइप तुंबायला लागली. मग मीच काढली, त्यांनी दाखवलं होतं तशी. सायकलची तार इथेच ठेवून गेलेत." त्याने खिळ्याला लटकवलेली तार दाखवली. "त्यांना सांगा, म्हातारा शिकला म्हणावं."

मी पुढे झालो. असली वाईट बातमी सांगायचं काम नवऱ्याने करायचं असतं. पण हिने हाताने मला थांबवलं.

"काका," ती म्हणाली, "दादा गेला."

म्हाताऱ्याने हातातली चादर खाली ठेवली. "कधी?"

हिने तोंड उघडलं आणि तिला ते सांगता येईना. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. भुलीची सुई उतरायला लागते तेव्हा पेशंटचा ओठ असाच थरथरतो. मी सांगितलं. म्हातारा आत गेला, पळी घेऊन आला, आणि आम्हाला मागच्या अंगणात नेलं.

हौदात सगळीकडे बारीक बुडबुडे होते. गाळ तपकिरी, फुगलेला. म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने डबा भरून दिला. "त्यांचंच आहे," म्हणाला. "घेऊन जा."

परत येताना ऊन कलतं झालं होतं. डबा तिच्या मांडीवर, झाकण किलकिलं. तिने वाकून नाक त्याच्या तोंडाशी नेलं, खोल श्वास घेतला, मान हलवली आणि सरळ बसली. नाही. काहीच नाही. मग माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "डॉक्टर, कसा वास येतोय?"

ओली माती म्हणणार होतो. पुस्तकातला शब्द, जिभेवर होता. पण गाडीत तो वास भरत होता, सीटच्या जुन्या वासात मिसळत होता, आणि मला दुसरंच काहीतरी आठवत होतं.

"दादा जिन्यात आल्यासारखा," मी म्हटलं.

ती डब्यावर ओणवी झाली. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मी तिच्या तोंडून कधी न ऐकलेला, मोठा, अनावर. मी गाडी कडेला घेतली नाही. घेतली असती तर मलाही चालवता आली नसती पुढे. थोड्या अंतरावर रस्त्यात खड्डे लागले, गाळ डचमळून तिच्या साडीवर सांडला.

"झाकण लावू का घट्ट?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे उघडं." आणि चाचपडत माझा गिअरवरचा हात घेतला, उगाचच, नाकाशी धरला.